यामेचा चहा, अरादचं घर

साईला माचा, तो जपानी हिरवा चहा, प्यायचा होता. तसा तो आता हमद टाउनमध्येही जिथे तिथे मिळतो, पण तिच्या वर्गातल्या मुली अरादच्या कुठल्याशा कॅफेत जाऊन आल्या होत्या आणि हिला तिथलाच हवा होता. शुक्रवारची दुपार होती. माझा नवरा संदीप जेवून झोपला होता, म्हणून मीच गाडी काढली. पत्ता विचारला नाही. अरादच्या किल्ल्याच्या अलीकडे साई म्हणाली, "लेफ्ट, आई," आणि मी डावीकडे वळले तर समोर आमचं घर.

आमचं म्हणजे कधीकाळचं. लग्न होऊन बहारीनला आले तेव्हा याच घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. तेव्हा भिंती वाळूच्या रंगाच्या होत्या, आता पांढऱ्याफेक. खालच्या पुढच्या खोलीची भिंत पाडून काच बसवली आहे. अंगणातलं बदामाचं झाड गेलं आणि तिथे गाड्या लावायला फरशी आली.

साईनं मँगो माचा मागितला. प्लास्टिकच्या उंच पेल्यात खाली आंब्याचा पिवळा गर, मध्ये दूध, वर हिरवा थर. मी साधा मागितला, गरम, दूध न घालता. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हा चहा कुठला?"

"जपान का, मॅडम."

"जपानमध्ये कुठला?"

ती गोंधळून हसली. "जपान तो जपान है, मॅडम."

वाफ नाकाशी आली आणि मी डोळे मिटले. मिटायला नको होते.

काझुए-सान आमच्या घरमालकीण. मूळच्या जपानच्या, दक्षिणेकडच्या यामे नावाच्या डोंगराळ भागातल्या. त्यांचे यजमान युसुफ इथलेच, अरादचे. तरुणपणी जहाजाचं काम शिकायला जपानला गेले आणि यांना घेऊन परतले. आम्ही राहायला गेलो तेव्हा युसुफ जाऊन काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. माहेरचा भाऊ तिकडे चहाचा मळा करायचा, आणि त्या इकडे, भरतीओहोटीच्या वासात, एकट्या राहायच्या. बारीक अंगकाठी, पांढरे केस मानेवर घट्ट बांधलेले, आणि पायात सदा पांढरे मोजे. उन्हाळ्यातसुद्धा.

आमची दोघींची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी आणि वर अरबी शब्दांची फोडणी. त्या मला उए-सान म्हणायच्या. 'उए' म्हणजे वर. वरच्या बाई. माझं खरं नाव त्यांना उच्चारता येत नव्हतं, आणि मलाही ते नवं नाव आवडलं होतं. त्या नावाची मी फक्त त्या घरात होते.

पुढच्या खोलीत त्यांनी चहाची जागा केली होती. पाटी नव्हती. दारावर निळं कापड लटकलं की लोकांनी समजायचं, आज आहे. किल्ल्याभोवती चालून दमलेल्या अबाया घातलेल्या बायका यायच्या, मनामाच्या ऑफिसांतले एकदोन जपानी साहेब, कधी कुणी पाहुण्याला घेऊन. आत चटई, कोपऱ्यात फुलाची एक काडी, आणि शेगडीवर लोखंडी किटलीत पाण्याचा आवाज. तो आवाज मला आजही ऐकू येतो. आधी नुसतं सूं, मग लांबच्या सुरूच्या बनातून वारा जावा तसा. तो तसा झाला की त्या किटली उतरवायच्या. वरून विमान गेलं की सगळं थांबायचं. विमानतळ एवढा जवळ की खिडकीची तावदानं थरथरायची. त्या हातातला चमचा तसाच धरून विमान जाईपर्यंत बसून राहायच्या, घरात वडीलधारं माणूस बोलत असताना आपण थांबतो तशा.

पहिला वाडगा मी प्यायले तेव्हा कारल्याचा रस गिळल्यासारखं तोंड झालं होतं. त्या हसल्या.

"कडू?"

"खूप."

"कडू येतं आणि जातं. ते जाऊ दे. मागे काय राहिलंय ते बघ."

मी बघितलं. राहिलं होतं खरं काहीतरी. शिजत आलेल्या तांदळाच्या पेजेवरचा वास असतो ना, तसं. गोड म्हणावं तर गोड नाही.

मग त्यांनी मला हळूहळू शिकवलं. शिकवलं म्हणजे पाजलं. हिवाळ्याच्या दुपारी, संदीप कामावर आणि साई अजून झाली नव्हती त्या दिवसांत, त्या चटईवर वाडगे ओळीनं मांडायच्या. चार गावांचा चहा, एकच पाणी. पाणी बाटलीतलं, तेही त्यांनी शोधून ठरवलेलं; इथल्या नळाचं पाणी चहाला मारतं म्हणायच्या. चिमूटभर हिरवी पूड, तीवर गरम पाणी, बांबूची इवलीशी रवी आणि मनगटाची ती भरभर हालचाल. वाडग्यात फेस चढायचा तेव्हा खोलीभर ताज्या कापलेल्या गवताचा वास सुटायचा. वाळवंटाच्या बेटावर ओल्या गवताचा वास! माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मी ते वाफेवर ढकलायची.

"हा उजीचा," त्या सांगायच्या. "जुनं घराणं. पहिल्या घोटात काही सांगत नाही. सगळं मोजून मापून." निशिओचा नरम, सपाट मैदानातल्या नदीकाठचा, कुणाशी न भांडणारा. कागोशिमाचा अगदी दक्षिणेचा, ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीतला. तिथे ऊब लवकर येते म्हणून पानंही लवकर येतात. रंग असा हिरवागार की नजर हटू नये, चव मोकळी, तरतरीत, पण घशाखाली गेली की गेली. आणि मग यामेचा. डोंगराच्या कुशीतला. दिवसा ऊन, पहाटे गार धुकं. तोडणीच्या आधी झाडांवर आडोसा घालून त्यांना अंधारात ठेवायचं.

"अंधारात का?"

"उन्हात वाढलेलं पान कडवट होतं. अंधारात ठेवलं की ते गोडवा धरून बसतं, सोडत नाही." मग किंचित थांबून म्हणाल्या, "माझा भाऊ अजून गवताच्या पेंढ्यांनी झाकतो. बाकी सगळे काळं कापड घालतात."

यामेच्या चहाचा गोडवा जिभेच्या मागे बसायचा. जिना चढून वर गेलं, पोळ्या लाटायला घेतल्या, तरी असायचा.

मला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्या देवगडला बाबा डोळे मिटून आंब्याची फोड तोंडात टाकायचे आणि सांगायचे, हा कातळावरचा, हा खाडीकडच्या बागेतला. आम्ही भावंडं फोडी बदलून त्यांना फसवायला जायचो, ते फसायचे नाहीत. तो गुण माझ्या जिभेत उतरला होता, आणि तो असा परक्या मुलखात, परक्या पाल्यावर, उपयोगी पडेल असं कुणाला वाटलं असतं? काझुए-सान वाडग्यांची जागा बदलायच्या आणि मी ओळखायची. ओळखलं की त्या मांडीवर थाप मारायच्या. "सोऽऽ!" एवढंच. शाळेत मिळालेल्या कुठल्या शाबासकीचा मला एवढा आनंद झाला नव्हता.

नोव्हेंबर हा त्या घराचा सण होता. मे महिन्यात तोडलेली पानं तिकडे उन्हाळाभर थंडाव्यात मुरत ठेवायची आणि शरदात ती काढून जात्यात दळायची, अशी रीत. भावाकडून डबा यायचा तो नेमका इथे खिडक्या उघडता येतात त्या दिवसांत. उन्हाळाभर काचांवरून पाण्याचे ओघळ, अंगाला चिकटणारी दमट हवा, एसीची अखंड घरघर, आणि मग एका सकाळी वारा फिरायचा, बदामाची पानं तांबडी व्हायला लागायची, आणि खालून हाक यायची, "उए-सान! यल्ला, यल्ला!" मी हातातलं टाकून धावायची. डब्याचं झाकण निघताना हलकासा फुस्स आवाज व्हायचा. त्या आधी स्वतः वास घ्यायच्या, डोळे मिटून, खूप वेळ. त्या वेळी त्या अरादमध्ये नसायच्या. मग डबा माझ्याकडे.

साई झाली तेव्हा तिला बाराव्या दिवशी आधी त्यांच्या मांडीवर ठेवलं. देवगडहून आई येऊ शकली नव्हती. बाळंतपणाचे डिंकाचे लाडू मी केले, ते त्यांनी खाल्ले आणि गंभीरपणे विचारलं, "हा डिंक कुठल्या गावचा?"

मग ती साथ आली. सगळ्या जगाचं दार लागलं तसं निळ्या कापडाचंही. काझुए-सानना ताप आला, खोकला झाला, बऱ्या झाल्या. मी दाराशी पेज ठेवून यायची. एक दिवस त्यांनी भांडं परत दिलं आणि म्हणाल्या, "तू आज मीठ घातलं नाहीस."

मी घातलं होतं.

चार दिवसांनी येईल, महिन्यानं येईल, म्हणता म्हणता वर्ष गेलं. वास गेला तो गेलाच, आणि त्याच्याबरोबर चव. डॉक्टर म्हणाले, काहींची परत येते, काहींची नाही. त्या रडल्या नाहीत. निळं कापड पुन्हा लावलं, लोक पुन्हा यायला लागले, आणि बाहेरच्या कुणालाही काही कळलं नाही, कारण मनगट तेच होतं, किटलीचा आवाज तोच. फक्त निळं कापड लावायच्या आधी मी खाली जायची. त्या पहिला वाडगा मला द्यायच्या आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायच्या.

"सांग."

"आज जरा तुरट लागतोय. पाणी जास्त तापलं असेल."

"आता?"

"आता बरोबर. पेजेचा वास येतोय."

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटायचं ते मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. भुकेल्या माणसानं दुसऱ्याला जेवताना बघावं आणि त्याला राग न येता समाधान वाटावं, तसं. नंतर त्या स्वतःचा वाडगा दोन्ही हातांनी उचलायच्या आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायच्या. मला वाटायचं, सवय आहे म्हणून पितात. मी कधी विचारलं नाही.

आणि एका नोव्हेंबरात डबा उशिरा आला. तोच डबा, तसाच कागद, भावाच्या मळ्याचं तेच चिन्ह. झाकणाचा तोच फुस्स आवाज. रंग नीट बघायला मी डबा उजेडात धरला. फार हिरवा होता.

मी प्यायले. चव मोकळी, तरतरीत. घशाखाली गेली की गेली.

"सांग," काझुए-सान म्हणाल्या.

"पुन्हा करता?"

त्यांनी पुन्हा केला. पाणी निववून घेतलं, पूड चाळून घेतली. मी प्यायले आणि जिभेच्या मागे शोधत राहिले. वरून एक विमान गेलं. त्या थांबल्या, मीही थांबले, ते जाईपर्यंत मला वाटत होतं की काहीतरी गोड सुचेल. सुचलं नाही. आणि खोटं बोलायला मला तिनंच, हो, त्या क्षणी मनात मी तिला एकेरीतच म्हटलं, तिनंच इतकी वर्षं शिकवलं नव्हतं.

"काझुए-सान, हा यामेचा नाही."

"चहा जुना झाला असेल."

"जुना नाही. चांगला आहे. पण दक्षिणेचा आहे. राखेच्या जमिनीतला."

"माझ्या भावानं पाठवलाय."

"हो."

"माझा भाऊ मला दुसऱ्याचा चहा पाठवेल?"

त्यांनी माझ्या हातातला वाडगा काढून घेतला. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाच्या हातातून वाडगा काढून घेतलेला मी पाहिला नव्हता. खाली ठेवेपर्यंत वाट बघायची, ही त्यांची रीत.

"तू दुधात साखर घालून उकळून पिणारी," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुला काय कळतं यामे? तू तिथलं धुकं पाहिलंस?"

मी वर आले. पोळ्यांची कणीक मळलेली होती ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी खालून फोनवर बोलण्याचा आवाज आला. जपानीतलं मला काही कळत नव्हतं. त्यांचं बोलणं सुरुवातीला भरभर होतं, मग तुटक, मग नुसते हुंकार. त्यानंतर निळं कापड लागलं नाही. जिन्यात भेट झाली की त्या मान लववायच्या, पाहुण्यांसाठी लववतात तितकी. संदीप म्हणाला, "जाऊ दे ना, म्हातारं माणूस आहे, येईल राग शांत." त्या वर्षी इथे हिवाळ्यात दोन दिवस पाऊस पडला, अंगणात तळं साचलं, साई त्यात नाचली. खालची खिडकी उघडली नाही.

वसंतात त्या जपानला गेल्या. परत आल्या तेव्हा बॅगा जिन्याखाली तशाच टाकून आधी वर आल्या. दारात उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"तिथे आता काही नाही," त्या म्हणाल्या. "भावाला जमेना. झाडं उपटून टाकली. नुसता उतार आहे, गवत वाढलेला. बाजारातून आणून, आमचा कागद लावून पाठवला त्यानं. मला कळणार नाही असं वाटलं असेल त्याला."

मी पुढे होऊन त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी हात मागे घेतला.

"तुम्ही दुसरं घर बघा. वरचा मजला मला लागणार आहे."

एवढंच. कारण विचारायला मी तोंड उघडलं आणि त्यांनी मान लववली. आम्ही हमद टाउनला राहायला आलो. गोल चौकांच्या त्या गावात सगळे रस्ते सारखे, सगळी घरं सारखी, कोल्ड स्टोअरवाला, म्हणजे इथला वाणी, मल्याळी भला माणूस, आणि समुद्राचा वास मात्र कुठेच नाही. कितीतरी महिने मी मनातल्या मनात भांडत राहिले. खरं सांगितल्याची ही बक्षिसी? खोटा चहा भावानं पाठवला आणि घर मी सोडायचं? चांगल्या चहाची जीभ दिली आणि मग पिण्यासारखं काही ठेवलं नाही. मी पुन्हा दूध-साखरेवर आले. करक, इथला तो कडक दुधाचा चहा, उकळताना वाटायचं, बरोबरच बोलली होती ती, माझी लायकी हीच.

"आई, यू ओके?" साईनं विचारलं. तिच्या पेल्यात पिवळं, पांढरं, हिरवं सगळं एक झालं होतं.

मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "इथे आधी एक जपानी बाई राहायच्या..."

"मॅडम ऊपर रहती हैं," ती म्हणाली. "कॅफे की जगह उन्होंने ही दी है."

साईला बसायला सांगून मी जिना चढले. कठडा तोच होता, हाताला खारट. आमच्या दारावर मी पाहुण्यासारखी टकटक केली.

काझुए-सान खूप लहान झाल्या होत्या. मोजे पांढरेच. त्यांनी मला ओळखलं, आश्चर्य दाखवलं नाही, आणि या वेळी बाजूला होऊन आत घेतलं. माझ्या ओट्यावर, म्हणजे जो माझा ओटा होता त्यावर, पाव आणि अंड्यांचा खोका होता. चटई नव्हती. दोन खुर्च्या होत्या. एकीवर मी बसले.

"मुलगी मोठी झाली असेल," त्या म्हणाल्या.

"खाली बसलीय. माचा पितेय. आंबा घालून."

"मुली तसाच पितात आता."

मला वाटलं होतं मी रडेन, किंवा त्या. रडू कुणालाच आलं नाही. मग जे इतकी वर्षं घशाशी होतं ते मी बोलून टाकलं.

"मी खरं तेच सांगितलं होतं."

"हो."

"मग माझं काय चुकलं?"

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "पण माझं तोंड मेलेलं होतं, नाही का? मला चव कुठून येणार होती? मी प्यायची ती आठवण प्यायची. भाऊ डबा पाठवायचा, मी डोळे मिटायची, आणि मळा असायचा. पेंढ्या, धुकं, आईचा आवाज. सगळं असायचं. भावानं राख पाठवली असती तरी ते असतं. तुझ्या जिभेनं तो मळा संपवला. त्यानंतर मी प्यायले. नुसतं गरम पाणी होतं."

मी माफी मागितली नाही. मागावीशी वाटली नाही, आणि मागितली असती तरी ती कशाची, हे मला सांगता आलं नसतं. त्यांनीही ती मागितली नाही. थोड्या वेळानं त्या उठल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

खाली साईनं पेला संपवला होता. "कोण होतं वर?" तिनं विचारलं, चक्क मराठीत.

"ओळखीचं नाही कुणी," मी म्हणाले आणि गाडीची चावी शोधायला लागले.